कंगव्यात केस नाही

सोमवार, ३ मार्च

आज हजेरी होती. दर तीन महिन्यांनी परदेशी माणसानं कचेरीत जाऊन सांगायचं की मागच्या वेळी जिथे राहत होते तिथेच अजून राहते. मला हे काम आवडतं. मुलींच्या वसतिगृहाची रेक्टर म्हणून जन्मभर दुसऱ्यांच्या हजेऱ्या घेतल्या. आता माझी कुणी घेतं म्हटल्यावर मी इस्त्रीची साडी नेसून वेळेआधी जाऊन बसते.

खिडकीवरची बाई नेहमीचीच होती, पण आज तिनं नवीन खूळ काढलं.

"पत्ता तोच?"

"तोच."

"पत्ता बरोबर आहे. पण तुम्ही त्या पत्त्यावर आहात का?"

"आहे की."

"आत्ता तर इथे आहात."

म्हटलं, बाई, तुम्हीच बोलावलंत. ती म्हणाली, तेच तर सांगतेय. तुम्ही जेव्हा जेव्हा 'तिथे राहते' म्हणून सही केलीत तेव्हा तेव्हा तुम्ही इथे होतात, मग विश्वास कसा ठेवायचा? आता नियम बदललाय, आमचा माणूस घरी येऊन बघून जाईल.

विचार करता करता बसस्टॉप मागे गेला, तरी तिचं चुकलं कुठे ते मला सापडलं नाही. घरी सांगितलं तर लेक वैतागली आणि जावईबापू हसले. मी मात्र खुशीत आहे. तपासणी म्हणजे काय हे मला कुणी शिकवायला नको.

बुधवार, ५ मार्च

पडताळणीवाला मंगळवारी येणार असं कळवलंय. आजपासून सफाई काढली.

माझं आवरायला तसं फारसं काही नसतंच. नात शाळकरी होती, लेक-जावई दोघंही कामावर, दुपारी घरात कुणीतरी हवं म्हणून मला बोलावून घेतलं, त्याला आठ वर्षं झाली. नात आता शिकायला दुसऱ्या शहरात गेली. म्हणजे माझं काम संपलं. पण अजून कुणी ते बोलून दाखवलेलं नाही. भली माणसं आहेत. मुलीच्या घरी राहायचं तर पाहुण्यासारखं राहावं, म्हणजे आपण कुणाला जड होत नाही. मी हॉलमधल्या सोफ्यावर झोपते. लेक सारखी म्हणते, नातीच्या खोलीत झोप. पण पोरगी सुट्टीला आली की तिला आपली खोली आपली वाटायला नको? सकाळी उठले की अंथरूण सोफ्याच्या पोटात, कपडे बॅगेत आणि बॅग दारामागे. चहासुद्धा दिवा न लावता करते, उगीच कुणाची झोपमोड नको. या घरात अंधारात सुई शोधून देईन मी.

लेकीच्या कपाटातला एक अख्खा कप्पा मी आल्यापासून रिकामा पडलाय. या मुलीला सामान लावायची अक्कल कधी आलीच नाही. मी आपली दर आठवड्याला तो पुसून ठेवते.

मंगळवार, ११ मार्च

तपासणी झाली. मी स्वतःवर खूश आहे.

पडताळणीवाला म्हणजे लांबलचक, खांदे पाडून चालणारा माणूस. दारातच बूट काढून पिशवीत घातले आणि पिशवी हातात घेऊन घरभर हिंडला. असा शिस्तीचा माणूस बऱ्याच दिवसांनी पाहिला.

"झोपता कुठे?" त्यानं विचारलं.

मी सोफा दाखवला. चादर अशी ताणलेली की वरून गोटी घरंगळत जावी. त्यानं तळहातानं दाबून पाहिलं. "इथे खळगा नाही."

"एके दिवशी या टोकाला डोकं करते, दुसऱ्या दिवशी त्या टोकाला. सोफा बसत नाही."

त्यानं लिहून घेतलं. मग न्हाणीघरात गेला. माझा ब्रश विचारला, मी तो बॅगेतून काढून दाखवला. टॉवेल विचारला, तोही बॅगेत. कंगवा उजेडात धरून त्यानं कितीतरी वेळ निरखला आणि लिहिता लिहिता मोठ्यांदा म्हणाला, "कंगव्यात केस नाही."

"सापडायचाच नाही," मी म्हटलं. तपासणीला येणाऱ्याला एक केस सापडला की मुलींची रविवारची सुट्टी जायची.

"तुमचा कप कोणता?"

"पाहुण्यांचे ठेवलेत ना, त्यातला हाताला लागेल तो."

जाता जाता त्यानं खुर्ची मागे ओढली आणि तिचा पाय नेमका माझ्या अंगठ्यावर आला. डोळ्यांपुढे काजवे चमकले. पण आलेल्या माणसाला ओशाळं कशाला करा? म्हटलं, "नाही नाही, लागलं नाही. माफ करा, मीच मध्ये उभी होते." त्यानं तेसुद्धा लिहून घेतलं. इतका बारकाईनं काम करणारा माणूस!

दारात म्हणाला, "घर फारच स्वच्छ आहे." म्हणजे पहिला नंबर आलाच म्हणायचा.

मंगळवार, १८ मार्च

नापास झाले.

लेकीनं उभ्या उभ्या वाचून दाखवलं. या घरात दोन माणसं राहतात. तिसरी व्यक्ती कागदावर आहे, घरात वास्तव्याची एकही खूण आढळली नाही. एप्रिल संपायच्या आत पुन्हा पाहणी होईल. तेव्हाही खुणा दिसल्या नाहीत तर इथे राहण्याची परवानगी संपेल आणि मला देश सोडून जावं लागेल.

जावईबापू म्हणाले, "हा काय वेडेपणा आहे! माणूस समोर उभा आहे आणि म्हणे खूण नाही!" मी म्हटलं, "असू द्या हो. दिरांकडे जाईन. मागच्या अंगाला एक खोली आहे त्यांची. नाहीतरी इथलं काम संपलंच आहे." यावर लेक स्वयंपाकघरात गेली आणि तिनं धुतलेलीच भांडी परत घासायला घेतली. हल्ली तिचं लक्ष ठिकाणावर नसतं.

त्यांना सुटल्यासारखं वाटलं असेल. वाटलं तरी मी वाईट वाटून घेणार नाही.

मला जायचं नाही. हे इथे लिहून ठेवते, बोलणार कुणापाशीच नाही. दिरांच्या त्या खोलीत मी गेले तर तिथली भिंत बघत बसेन. इथे संध्याकाळी कुलपात किल्ली फिरते ना, नुसत्या आवाजावरून मला कळतं की लेक आली की जावई. तो आवाज सोडून मला कुठेही जायचं नाही.

गुरुवार, २० मार्च

घरात बैठक झाली. लेकीनं फर्मान काढलं, "आई, आजपासून तू पसारा करायचा."

"पसारा म्हणजे?"

"म्हणजे आम्ही करतो तसा. वस्तू बाहेर काढायची आणि विसरून जायची."

वयाच्या या वळणावर मला वस्तू विसरायला शिकावं लागतंय. लोकांना ते आपोआप जमतं. मी चष्म्याचं घर फ्रिजवर ठेवलं आणि विसरायला बसले. कसली विसरते! शेवटी उठून बघायला गेले तर ते फ्रिजच्या कडेला अगदी समांतर होतं. जावईबापूंनी येऊन बोटानं तिरकं केलं. ते गेल्यावर मी सरळ केलं. ऑफिसला निघताना त्यांनी पुन्हा तिरकं केलं. मग मी डोळे मिटून घेतले.

चपला दारात 'टाकायच्या' होत्या. टाकल्या. संध्याकाळी बघते तर जोडीनं भिंतीला लागलेल्या. मीच लावल्या असणार, दुसरं कोण लावतंय इथे.

मंगळवार, २५ मार्च

शेजाऱ्याची साक्ष चालते असं कळलं. म्हणून जावईबापू मला घेऊन खालच्या मजल्यावर गेले. तिथे एक निवृत्त दंतवैद्य राहतात. फार सभ्य माणूस. दार उघडून माझ्याकडे बघून म्हणाले, "वा, पाहुण्या आल्यात वाटतं! किती दिवस मुक्काम?"

जिन्यात रोज आम्ही एकमेकांना नमस्कार करतो. म्हणजे आठ वर्षं ते मला रोज नवीन पाहुणी समजून नमस्कार करत होते.

"वर कुणी तिसरं राहतं? पाऊलही वाजत नाही हो," ते म्हणाले. "खोटं कसं लिहून देऊ?"

बरोबरच आहे. मी चवड्यांवर चालते. मुलींना चोरून गप्पा मारताना पकडायचं तर असंच चालावं लागतं; नोकरी सुटली, चाल सुटली नाही.

शनिवार, २९ मार्च

टाचा आपटत चालायचा सराव. आधी जमेना, मग जमलं, मग थोडी मजाच येऊ लागली. लेकीनं खलबत्ता आणून दिला. म्हणाली, "आलं कूट." कुटलं. "आणखी कूट." आता आठवडाभर पुरेल इतकं आलं कुटून झालंय.

दुपारी दंतवैद्य वर आले. दारात उभे राहून आमच्या जमिनीकडे बोट दाखवत, "काही काम चाललंय का?" म्हणाले. जावईबापूंच्या चेहऱ्यावर असा आनंद मी त्यांच्या बढतीच्या दिवशीही पाहिला नव्हता. "त्रास होतोय ना? खूप होतोय ना? आमच्या सासूबाई आहेत! लेखी तक्रार द्या ना, प्लीज!" दंतवैद्य दोन पावलं मागे सरकले. म्हणाले, "छे छे, वयस्कर बाई आहेत. चालायचंच. माझी काही तक्रार नाही."

संध्याकाळी त्यांनी माझ्यासाठी भेट पाठवली: मऊ तळव्याच्या लोकरी चपला. घातल्या की स्वतःचं पाऊल स्वतःला ऐकू येत नाही.

रविवार, ६ एप्रिल

आज भांडणाची तालीम होती. लेक म्हणाली, घरातली माणसं एकमेकांवर खेकसतात, पडताळणीवाल्यासमोर एक खणखणीत भांडण झालं पाहिजे. विषय ठरला मीठ.

लेक म्हणाली, "आई, भाजीत मीठ किती घातलंयस!"

मी म्हटलं, "हो गं, जरा जास्तच झालं."

"आई! भांड ना!"

"अगं पण खरंच जास्त झालंय."

परत पहिल्यापासून. ती म्हणाली, "तुझ्या हाताला चवच राहिली नाही." मी म्हटलं, "वय झालं आता, तुझं बरोबर आहे." जावईबापू कोपऱ्यातून खुणा करत होते, आवाज वाढवा, आवाज वाढवा. मी आवाज वाढवून म्हटलं, "तुझंच बरोबर आहे!"

त्यावर लेकीनं चमचा टेबलावर आदळला. "तू माझ्याशी का भांडत नाहीस? आधी किती भांडायचीस! वेणी घालता घालता धपाटा घालायचीस. इथे आल्यापासून नुसतं 'तुझं बरोबर, तुझं बरोबर'. मला आई हवी होती गं, ही कोण येऊन राहिलीये?" आणि ती हमसून हमसून रडायला लागली.

रडायचं काही ठरलं नव्हतं. ऑफिसात कामाचा ताण असणार. मी तिला पाणी दिलं आणि उरलेली तालीम पुढे ढकलली. पाणी पिताना तिनं माझा हात धरून ठेवला होता, ग्लास रिकामा झाला तरी. मला उगीचच गलबलून आलं.

सोमवार, १४ एप्रिल

जावईबापूंनी माझ्यासाठी कपाट आणलं. केवढं ते धूड! चार माणसांनी जिन्यातून वर चढवलं. हॉलमधून स्वयंपाकघराकडे जाताना जी भिंत लागते तिथे उभं केलंय. साहेबाला दाखवण्यापुरता एवढा खटाटोप! परवानगी नाही मिळाली तर हे कुणाच्या गळ्यात मारणार?

बॅग रिकामी केली. दीड कप्पा भरला, बाकीचं कपाट आ वासून बसलंय. जावईबापू बाजूला उभे होते. म्हणाले, "आई, काहीतरी घेत जा ना स्वतःला. इतक्या वर्षांत एक वस्तू मागितली नाहीत तुम्ही. मला वाटायचं, माझंच काहीतरी चुकतंय."

म्हटलं, "छे हो, तुमचं कसं चुकेल?" ते कसनुसं हसून आत गेले. माणूस गुणी आहे, जरा हळवा आहे इतकंच.

कपाट भिंतीपासून पुढे आलंय. दोनदा सांगितलं भिंतीला लावायला, अर्थात हळू आवाजात. त्यांच्या कानावर गेलं की नाही कोण जाणे.

मंगळवार, २२ एप्रिल

सगळं क्रमानं लिहिते.

पडताळणीवाला सकाळी आला. बूट पिशवीत, पिशवी हातात. घर आम्ही असं सजवलं होतं की मलाच माझी लाज वाटावी. चष्मा टीव्हीवर, दुसरा चष्मा खिडकीत, शाल खुर्चीच्या पाठीवर, औषधाच्या गोळ्या फळांच्या टोपलीत. सोफ्याला खळगा पडावा म्हणून जावईबापू तीन रविवार त्याच जागी बसून सामने बघत होते. कंगव्यात केस होता. माझाच, मुद्दाम ठेवलेला.

तो सगळीकडे हिंडला आणि चेहरा काही खुलेना. "खुणा पुष्कळ आहेत," तो म्हणाला. "पण सगळ्या ताज्या आहेत. हे प्रदर्शन वाटतं."

लेकीचा चेहरा उतरला. ती मला डोळ्यांनी खुणावू लागली: मीठ, मीठ. मला ठरलेलं वाक्य आठवेना.

"आमच्याकडे एक शेवटची चाचणी असते," पडताळणीवाला म्हणाला. "इथून डोळे मिटून स्वयंपाकघरात जा आणि मला ग्लासभर पाणी आणून द्या. जो राहतो त्याला घर पाठ असतं."

आम्ही तिघांनीही एकदम श्वास सोडला. एवढंच? रोज सकाळी मी दुसरं काय करते? डोळे मिटले आणि मोठ्या ऐटीत निघाले. सोफा डावीकडे, टेबलाचा कोपरा उजवीकडे, आता जरा तिरकं, आता सरळ...

आणि धाडकन गुडघा आपटला. कपाटाच्या कोपऱ्यावर, नेमका वाटीवर. आज सकाळी जावईबापूंनी ते आणखी हातभर पुढे ओढलं होतं, साहेबाला दारातूनच दिसावं म्हणून.

त्यानंतर जे झालं ते मी शुद्धीत केलं असं म्हणवत नाही. माझा आवाज एकदम वसतिगृहाच्या तीन मजल्यांवर पोचायचा तसा निघाला.

"अरे ए! हे धूड इथे कुणी आणून ठेवलं? डोकं ठिकाणावर आहे का तुझं? दोनदा सांगितलं, भिंतीला लाव, भिंतीला लाव! ऐकायला काय होतं रे तुला?"

"अगं आई, त्यानं मुद्दाम..." लेक म्हणाली.

"तू मध्ये बोलू नकोस! तूच लाडावून ठेवलायस त्याला! आणि तो कपाटातला कप्पा आठ वर्षं रिकामा ठेवलायस तो कुणासाठी गं? मी पुसतेय, पुसतेय, एकाला म्हणून वापरायची बुद्धी होत नाही!"

"तुझ्यासाठी!" लेक तेवढ्याच जोरात ओरडली. "तुझ्यासाठी ठेवलाय! तू पुसतेस कशाला, वापर ना!"

"मग तोंड नाही का तुला सांगायला?"

"शंभर वेळा सांगितलंय!"

खालून छताला काठीनं ठोकल्याचा आवाज आला. सभ्य माणसाचीही शेवटी सहनशक्ती संपते.

एरवी त्याच्याशी मी त्याच्या भाषेत बोलते, पण हे सगळं मराठीत निघालं होतं. पडताळणीवाल्याला आमची भाषा येत नाही. त्यानं लेकीला विचारलं, "काय म्हणाल्या?"

"त्यांना... कपाटाची जागा पसंत नाही."

"पूर्ण सांगा. नोंदीसाठी हवं."

लेकीनं मान खाली घालून पूर्ण सांगितलं, डोक्यासकट. त्यानं शब्द न शब्द लिहून घेतला. मग मागची पानं उलटली. "मागच्या वेळी यांच्या अंगठ्यावर खुर्ची आली होती. तेव्हा या म्हणाल्या होत्या, 'लागलं नाही. माफ करा, मीच मध्ये उभी होते.'" त्यानं मान हलवली. "नियमात स्पष्ट आहे. पाहुणा वस्तूंची माफी मागतो. रहिवासी त्यांच्या जागेवर आक्षेप घेतो."

आणि लिहिता लिहिता मोठ्यांदा म्हणाला, "आक्षेप घेतला. मोठ्या आवाजात." खाली शिक्का मारला: वास्तव्य सिद्ध.

पाण्याचं त्यानं पुन्हा विचारलं नाही. जाताना दारात थांबून मात्र म्हणाला, "कपाट खरंच भिंतीला लावा."

मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालंय. जावयाला अरेतुरे! अक्कल काढली त्याची, तीही सरकारी माणसासमोर! परवानगी मिळाली त्याचा आनंद बाजूलाच राहिला. फार दुखावला असणार. दिवसभर घरात शीळ घालत फिरत होता. काही माणसं मनातला राग असा लपवतात. संध्याकाळी दोनदा माझ्याजवळ आला आणि नुसतं "अरे ए!" म्हणून हसत निघून गेला.

बुधवार, २३ एप्रिल

सकाळी दिवा लावून चहा केला. चहाचा कप मी धुवायच्या आधी लेकीनं त्याच्या बुडाला लाल रंगाचा ठिपका दिला आणि म्हणाली, हा तुझा. तो पाहुण्यांच्या कपांमध्ये पुन्हा ठेवायचा नाही. मी म्हटलं, ठिपका वाकडा आलाय. ती म्हणाली, "वाकडाच राहू दे." म्हटलं, "तुला लहानपणापासून एक गोष्ट सरळ करता येत नाही." यावर ती इतकी खूश झाली की मला काही कळेना.

तिच्या कपाटातल्या त्या कप्प्यात माझ्या साड्या ठेवल्या. नवीन कपाटात आता काय ठेवायचं याची यादी मी मनात करतेय. पहिली मागणी दोन उशा आणि एक नीट गादी, नातीच्या खोलीसाठी. नातीनं फोनवर, "आजी, मी गेल्यापासून हेच तर सांगतेय!" म्हणून तोंडसुख घेतलं.

गुडघा टरारून सुजलाय. ऑफिसला निघताना जावई दारातून परत आला, माझ्यासमोर खाली बसला आणि म्हणाला, "आई, फार लागलं का हो?"

सवयीनं ओठांवर आलंच होतं. मग त्याच्याकडे बघितलं.

म्हटलं, "लागलं. चांगलंच लागलंय रे."